दारातला एक खड्डा : जूनपासूनची नोंद, आणि तो परत पडू नये म्हणून काय करावं?

लाकडीसाचा | २१ सप्टेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात फुलेवाडीच्या पुढं, गगनबावडा रस्त्यावरनं आत वळणाऱ्या एका रस्त्यावर आमचं घर आहे. मी शिवाजी उद्यमनगरात फौंड्रीच्या पॅटर्न विभागात, म्हणजे ओतकामाचे लाकडी साचे करायचं काम करतो. अर्ध्या मिलिमीटरवरून वाद घालायची सवय तिथं लागली, म्हणून दारातल्या खड्ड्याचीसुद्धा मापं घेऊन ठेवली. आज ती इथं टाकतोय, त्याला कारण आहे. ९ ऑगस्टला संध्याकाळी बायको भाजी घेऊन येताना याच खड्ड्यात स्कूटरवरनं पडली. वर पाणी साचलेलं होतं, खोली कळलीच नाही. उजव्या मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर होतं, परवा काढलं. अजून तिला कणीक मळता येत नाही.

वहीतली नोंद अशी आहे.

१४ जून. रस्त्याच्या कडेपासून दीड हातावर एक भेग. नख जेमतेम शिरेल एवढीच.

२८ जून. भेगेला फाटे फुटलेत. दोन तळव्यांएवढ्या जागेत मगरीच्या पाठीसारखी जाळी.

५ जुलै. सकाळी पाऊस थांबल्यावर दारात उभा होतो. एसटी गेली. मागचं चाक भेगेवर आलं आणि भेगेतून पाण्याची बारीक चिळकांडी उडाली. पाणी राखाडी, पातळ ताकासारखं. दुपारी ऊन पडल्यावर बघितलं तर भेगेच्या दोन्ही अंगाला पिठासारखा थर बसलेला. बोटावर घेऊन चोळला. दगडाची कच आणि माती.

१२ जुलै. जाळीतला एक तुकडा खपलीसारखा सुटून बाजूला पडला. खाली ओली, मोकळी खडी.

२० जुलै. ३० बाय २२ सेंमी, खोली ४.

२ ऑगस्ट. ६० बाय ४५, खोली ९. दोन दिवसांनी कुणीतरी मुरूम आणून टाकला. तीन दिवसांत त्याचा चिखल झाला आणि चाकांनी तो बाहेर काढला.

९ ऑगस्टचं वर लिहिलंय. त्यानंतर भुरभुर पाऊस चालू असतानाच डांबर-खडीचं पॅचवर्क झालं. ते ११ दिवस टिकलं.

मला पडलेला प्रश्न असा की या जागेच्या दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस पावलांवर रस्ता शाबूत आहे. डांबर तेच, ठेकेदार तोच, वाहनं तीच. मग खड्डा इथंच का? दुरुस्ती परत होईलच, पण परत ११ दिवसांत उखडली तर दुसऱ्या कुणाच्या तरी घरातलं माणूस पडेल. जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं.

रंकाळाकाठ | २१ सप्टेंबर, रात्री १०.१५

वहिनींना लवकर बरं वाटू दे. माझ्या मते कारण एकच, कामाचा दर्जा. पुण्याचा जंगली महाराज रस्ता १९७६ साली रेकॉन्डो कंपनीनं १० वर्षांच्या हमीवर केला आणि हमी संपून कैक वर्षं झाली तरी तो लोकांनी विनाखड्ड्याचा वापरला. पाऊस पुण्यातही पडतो. डांबरात हात आखडता घेतला की पहिल्या पावसात खडी वर येते, एवढं साधं आहे.

जुना_ओव्हरसियर | २२ सप्टेंबर, सकाळी ६.५०

लाकडीसाचा, मी ३४ वर्षं रस्त्यांवर काढली. तुमच्या ५ जुलैच्या नोंदीत सगळं उत्तर आहे.

डांबरी रस्ता म्हणजे वरचा काळा थर नव्हे. तो थर गावातल्या रस्त्यावर बहुतेक वेळा २ ते ५ सेंमी. वजन पेलतो तो त्याखालचा खडी-कचेचा दाबलेला थर, त्याखालचा मुरूम आणि सगळ्यात खालची जमीन. काळ्या थराचं मोठं काम म्हणजे खालच्यांना कोरडं ठेवायचं. घराच्या पत्र्यासारखं. पत्रा भिंत उचलून धरत नाही, पण तो गळायला लागला की भिंत जाते.

आता तुमची चिळकांडी. भेगेतून पाणी आत गेलं आणि खालच्या खडीत साठलं. त्याला बाहेर पडायला वाट नाही. वरून एसटीचं चाक आलं. मोठ्या गाडीच्या टायरमध्ये दर चौरस सेंटीमीटरला ७-८ किलोचा दाब असतो. पाणी दाबून लहान होत नाही, म्हणून ते जोरानं वर उसळतं आणि येताना खडीच्या फटीतली कच आणि माती घेऊन येतं. बोटावर चोळलेलं पीठ म्हणजे तुमच्या रस्त्याचा पाया होता. दिवसाला अशी शेकडो चाकं जातात. थोड्या दिवसांत खाली पोकळी होते, वरचा थर अधांतरी राहतो आणि पापडासारखा मोडतो. भेग, जाळी, खपली, खड्डा हा क्रम तुम्ही बरोबर टिपलाय.

तुमच्याकडं पंचगंगेच्या अंगाला काळी माती. ती वाळली की भेगाळते आणि भिजली की फुगून लोण्यासारखी मऊ होते. जमिनीची ताकद मोजायला आम्ही सीबीआर नावाचा आकडा काढतो, जितका कमी तितकी जमीन कमजोर, त्यासाठी नमुना चार दिवस पाण्यात बुडवून ठेवतात. भिजलेल्या काळ्या मातीचा आकडा बऱ्याचदा २-३ टक्क्यांवर येतो. म्हणून तिच्यावर चांगल्या मुरमाचा जाड थर द्यायचा किंवा तिच्यात चुना मिसळून ती बांधायची. जुन्या गाडीवाटेवर थेट खडीकरण झालं असेल तर हे झालेलं नसतं.

रंकाळाकाठ, दर्जाचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे, पण चाळीस पावलांच्या प्रश्नाचं उत्तर त्यातनं मिळत नाही.

लाकडीसाचा, एक काम करा. पुढच्या पावसात छत्री घेऊन रस्त्यावर उभे राहा. खड्डा बघू नका, पाणी बघा. कुठनं येतंय, कुठं थांबतंय, किती वेळ थांबतंय. डांबर आणि पाणी यांचं वैर आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी आम्ही लोक वर्षानुवर्षं खड्डा बुजवतो आणि पाण्याची वाट शोधत नाही. माझ्या हातूनही हे झालंय. निवृत्तीनंतर त्याचंच जास्त वाईट वाटतं.

थंडदेशी | २२ सप्टेंबर, रात्री ११.३०

मी मूळचा शिवाजी पेठेतला, आता कॅनडात. इथं खड्ड्यांचा हंगाम वसंतात. भेगेत शिरलेलं पाणी रात्री गोठतं, गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि रस्ता आतून उचलतं. दिवसा वितळलं की खाली पोकळी राहते. हिवाळाभर हेच चालतं आणि बर्फ वितळताना सगळं एकदम उखडतं. लहानपणी वाटायचं की परदेशात खड्डे नसतात. असतात. फरक एवढाच बघितला की शरद ऋतूत, थंडी पडायच्या आत, माणसं गाडी घेऊन भेगा भरत फिरतात. भेग स्वच्छ करायची, हवेच्या झोतानं वाळवायची आणि वितळवलेलं रबरी डांबर ओतायचं. खड्ड्याच्या खर्चापुढं हा खर्च अगदीच किरकोळ. आपल्याकडं हेच काम मेमध्ये व्हायला हवं.

ऊसकरी | २३ सप्टेंबर, सकाळी ७.०५

आम्ही करवीर तालुक्यातलंच. खरं ते बोलतो, राग मानू नका. सप्टेंबरात रस्ता मऊ झालेला असतोय आणि दिवाळीच्या सुमाराला आमचा ऊस सुरू होतोय. एका ट्रॅक्टरमागं दोन दोन ट्रेलर, वर दोरानं बांधलेली उसाची भिंत. मी स्वतः चालवलंय. एक खेप वाचवायची म्हणून मोळ्या चढवत जायचं, सगळेच तसं करतात. दुसरं म्हणजे चिखलणीची लोखंडी चाकं लावून ट्रॅक्टर तसाच डांबरी रस्त्यावरनं रानात नेतात. त्याचे वळ रस्त्यावर उमटतात आणि त्याच वळात पुढं पाणी बसतंय. आमच्या गावात आता ठरवलंय की लोखंडी चाकं रानाच्या बांधावरच चढवायची. काहीजण पाळतात, काहीजण अजून नाही.

जुना_ओव्हरसियर | २३ सप्टेंबर, सकाळी ९.२०

ऊसकरी, तुम्ही हे लिहिलंत म्हणून फार बरं वाटलं. हिशेब सांगतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवले आणि नुकसान मोजलं. त्यातून निघालेला ठोकताळा आपलेही अभियंते वापरतात. अ‍ॅक्सलवरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याचं नुकसान दुप्पट होत नाही, साधारण १६ पट होतं. २ चा चौथा घात. वजन ३० टक्के जास्त चढवलं तर नुकसान जवळजवळ तिप्पट. उलट बाजूनं बघा. मोटारीच्या अ‍ॅक्सलवर अर्धा टन धरला आणि ट्रकच्या अ‍ॅक्सलवर ८ टन, तर ट्रकचा एक अ‍ॅक्सल मोटारीच्या ६५ हजार अ‍ॅक्सलांएवढा रस्ता खातो. म्हणून खड्ड्याचा दोष स्कूटरवाल्यांच्या गर्दीला देण्यात अर्थ नाही.

चार टायरच्या एका अ‍ॅक्सलला पूर्वी १०.२ टनांची मुभा होती, २०१८ साली ती ११.५ झाली. जुने रस्ते मात्र जुन्या हिशेबानं बांधलेले आहेत. कोरड्या पायावर हे वजन रस्ता बरीच वर्षं सोसतो. ओल्या पायावर एक गळीत हंगामसुद्धा सोसत नाही.

नळकोंडाळं | २३ सप्टेंबर, दुपारी १.१०

आमच्या उत्तरेश्वर पेठेत वेगळं दुखणं आहे. पाण्याच्या लाइनसाठी रस्ता खोदला, पाइप टाकला, निघालेली मातीच परत ढकलली, वरनं एकदा जेसीबीचं चाक फिरवलं. पहिल्या पावसात चरीच्या रेघेनं सगळा रस्ता खचला. चेंबरच्या झाकणाभोवती तर प्रत्येक वेळी. झाकण एक तर वर नाहीतर खाली.

कनिष्ठ_अभियंता | २३ सप्टेंबर, रात्री १०.००

मी दुसऱ्या जिल्ह्यात एका नगरपालिकेत काम करतो. सकाळपासून धागा वाचतोय, लिहावं की नको असं चाललं होतं.

चरीबद्दल आधी. चर १५ ते २० सेंमीच्या थरांत भरायची असते. प्रत्येक थर ओलसर करून यंत्रानं ठोकायचा आणि मगच पुढचा टाकायचा. एक मीटर खोल चर म्हणजे पाच-सहा वेळा ठोकणं. ते डोळ्यांनी नंतर दिसत नाही, म्हणून तिथंच वेळ वाचवला जातो. आपल्या दारात चर भरताना नागरिकांनी उभं राहून नुसते थर मोजले तरी फरक पडतो, हे मी बघितलंय.

आता पावसातलं पॅचवर्क. लाकडीसाचा यांचा पॅच ११ दिवस टिकला यात मला आश्चर्य वाटत नाही. असे पॅच मी स्वतः टाकून घेतलेत, हे कबूल करतो. लोक पडत असतात, फोन वाजत असतात आणि हातात जे असेल ते आपण टाकतो. गरम मिश्रण १५० ते १६५ अंशांवर तयार होतं. अंथरताना ते किमान १४० असावं लागतं आणि ९० च्या खाली जायच्या आत रोलिंग संपवावं लागतं. ओल्या खड्ड्यात टाकलं की पाण्याची वाफ होते, डांबर दगडाला धरत नाही आणि मिश्रण मिनिटांत गार होतं. गार मिश्रण दबत नाही. न दबलेल्या थरात फटी राहतात. या फटी ८ टक्क्यांच्या वर गेल्या की एकमेकींना जोडल्या जातात आणि थर चाळणीसारखा पाणी पितो.

पावसाळ्यात तात्पुरतं करायचंच असेल तर पिशवीतलं तयार थंड मिश्रण मिळतं. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसनं २०१४ साली त्यासाठी वेगळं मानक काढलं, आयआरसी:११६. महाग पडतं, पण ओलसर दिवसात तेच धरतं. मुरूम टाकू नये. तो पाणी धरून ठेवतो आणि खड्ड्याच्या कडा आणखी भिजवतो. पेव्हर ब्लॉकही नको. त्याच्या आणि डांबराच्या मधल्या फटीतनं पाणी जात राहतं आणि कडा तुटतात.

कायमची दुरुस्ती कशी असते ते सांगतो, म्हणजे तुम्हाला मागता येईल. खड्डा गोल असला तरी चौकोनी आखायचा, खड्ड्याच्या बाहेर चांगला रस्ता लागेपर्यंत. कडा कटरनं उभ्या कापायच्या, उतरत्या नाहीत. तळात घट्ट थर लागेपर्यंत सगळं ओलं, मोकळं काढायचं. झाडून, वाळवून तळाला आणि चारही कडांना इमल्शनचा टॅक कोट, म्हणजे जुनं-नवं चिकटवणारा पातळ डांबरी लेप, द्यायचा. मग थरांनी भरायचं, दाबायचं आणि शेवटी सांधे डांबरानं बंद करायचे. कडांना टॅक कोट बहुतेक जण विसरतात. पुढची भेग तिथंच येते.

रंकाळाकाठ | २४ सप्टेंबर, सकाळी ८.४५

कनिष्ठ, मोकळेपणानं लिहिलंत, त्याबद्दल आभार. मग सरळ काँक्रीटचे रस्ते का करू नयेत? टोलच्या आंदोलनात कोल्हापूर रस्त्यावर उतरलं, टोल गेला, पण त्या प्रकल्पातले काँक्रीटचे पट्टे अजून वापरात आहेतच. आणि प्लॅस्टिकच्या डांबराचं काय झालं?

जुना_ओव्हरसियर | २४ सप्टेंबर, सकाळी ११.००

काँक्रीटला पाण्याची भीती कमी, हे खरं. पण त्याखालची जमीन ओली राहिली तर स्लॅबसुद्धा सांध्यापाशी हलतो आणि मोडतो. शिवाय गावात खाली नळ, ड्रेनेज, केबल. एकदा फोडलं की जोड कधीच आधीसारखा होत नाही. लाइनी आधी कडेला घेतल्या असतील तरच काँक्रीट, असं माझं मत.

प्लॅस्टिकची पद्धत मदुराईच्या त्यागराजर कॉलेजातले प्रा. आर. वासुदेवन यांनी घालून दिली, २०१८ ला त्यांना पद्मश्री मिळाली. गरम खडीवर प्लॅस्टिकचे बारीक तुकडे टाकले की दगडाला पातळ आवरण बसतं आणि मग डांबर पाण्यातही लवकर सुटत नाही. चांगली गोष्ट आहे. आपला काळा बसाल्ट तसाही डांबराला बऱ्यापैकी धरतो, खडी धुळीनं माखलेली नसली तर. डांबर लावलेली खडी ४० अंशांच्या पाण्यात २४ तास ठेवायची आणि ९५ टक्के आवरण टिकलं पाहिजे, अशी चाचणीच आहे. पण लाकडीसाचांच्या दारात पाणी तुंबतच राहिलं तर यातलं काही पुरणार नाही. ते पावसात उभे राहिले का, याची मी वाट बघतोय.

लाकडीसाचा | २८ सप्टेंबर, रात्री १०.२०

काका, उभा राहिलो. काल संध्याकाळी दोन तास पाऊस झाला. कामावरनं पिशवीभर लाकडाचा भुसा आणला होता. पाणी कुठं वाहतंय ते नुसत्या डोळ्यांना कळेना, म्हणून वरच्या कोपऱ्यापासनं मूठ मूठ भुसा पाण्यावर सोडत आलो.

भुसा रस्त्याच्या मधनं कडेला आला, कडेनं गटरीच्या दिशेनं निघाला आणि आमच्या फाटकासमोर येऊन थांबला. तिथं त्याचा ढीग झाला.

रस्ता साडेपाच मीटर रुंद आहे. आज सकाळी मधनं कडेपर्यंत दोरी आणि लेव्हल लावली. अडीच टक्क्यांच्या हिशेबानं मधनं कडेपर्यंत ७ सेंमी उतार हवा होता. भरला अडीच सेंमी. आणि शेवटच्या दीड हातात तर रस्ता उलटा १ सेंमी वर चढतो. कारण गाडी आत घ्यायला आम्ही २०१६ साली गटरीवर स्लॅब टाकून काँक्रीटचा रॅम्प केला, तो डांबराच्या कडेवर चार बोटं चढवलेला आहे. मिस्त्रीला मीच सांगितलं होतं की गाडीचं तळ घासायला नको. स्लॅबखाली सहा इंची पाइप ठेवला होता. बॅटरी घेऊन आत बघितलं, तोंडापर्यंत गाळ. काल सात वाजता साचलेलं पाणी आज सकाळी दहाला आटलं. पंधरा तास. आणि खड्डा बरोबर त्या पाण्याच्या मधोमध.

चाळीस पावलांवर खड्डा नाही, कारण तिथं मोकळा प्लॉट आहे आणि गटर उघडी आहे.

बायकोला सांगितलं. ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, उद्या मिस्त्रीला बोलवा.

जुना_ओव्हरसियर | २९ सप्टेंबर, सकाळी ६.३०

मनाला लावून घेऊ नका. दहा घरांपैकी आठांपुढं असाच रॅम्प असतो आणि तो करताना कुणी अडवत नाही, आम्हीसुद्धा नाही. वर दर चार-पाच वर्षांनी जुन्यावर डांबराचं नवं कारपेट चढतं, त्यानं उतार हरवत जातो. जुना थर खरवडून मगच नवा घालायला हवा. रॅम्प गटरीच्या अलीकडं, घराच्या बाजूलाच थांबवा आणि गटरीवर लोखंडी जाळी ठेवा, उचलता येईल अशी. पाइप नको, तो परत तुंबेल. शेजाऱ्यांशीही बोला. खालच्या घरांनी गटर बंद ठेवली तर तुमची जाळी व्यर्थ.

वकिलीणबाई | १६ ऑक्टोबर, रात्री ८.३०

या धाग्यावर हे यायला हवं. १३ ऑक्टोबर २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयानं आदेश दिलाय. खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळं मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख, जखमींना दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई. नंतर ती जबाबदार अधिकारी आणि ठेकेदारांकडून वसूल करायची. खड्ड्याची माहिती मिळाल्यावर ४८ तासांत तो हाताळायचा, असंही त्यात आहे. लाकडीसाचा, तुमच्याकडं मापं आणि तारखा आहेत, अशा नोंदीला फार किंमत असते. फोटो, उपचाराची कागदपत्रं, तक्रारीची पोच जपून ठेवा. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्टपासून कोल्हापुरातच सुरू झालंय, मुंबईचे हेलपाटे आता नाहीत.

लाकडीसाचा | १७ ऑक्टोबर, रात्री ९.००

ताई, कागद जपून ठेवलेत. आधी रस्ता नीट करून घेतो, मग बाकीचं. रॅम्प फोडला. उद्यमनगरातनं जाळी बनवून घेतली, दोन माणसांना उचलता येते. खालच्या पाच घरांपैकी तिघांनी गटर मोकळी केली, चौथ्यांनी दिवाळीनंतर म्हणून सांगितलंय. पाचवे काका आधी चिडले. त्यांना भुसा सोडून दाखवला, मग तेही तयार झाले. वरच्या आळीतल्या पोरांना भुशाचा खेळ इतका आवडलाय की ती आता रोज मागायला येतात.

लाकडीसाचा | ७ डिसेंबर, दुपारी ३.१५

पॅच झाला. अर्जात कनिष्ठ यांनी सांगितलेली पद्धत जशीच्या तशी लिहिली होती, भुशाचे फोटो जोडले होते. अभियंता बाई स्वतः आल्या. चौकोन १ मीटर १० बाय ९० सेंमी कापला. खोदत गेले तर २५ सेंमीपर्यंत मुरूम ओला, बोटानं दाबला तर पाणी सुटत होतं, डिसेंबर असून. त्याखाली काळी माती. सगळं काढून दोन दिवस उघडं वाळवलं. मग खडी-कच तीन थरांत, प्रत्येक थर प्लेटवाल्या यंत्रानं ठोकून. तळाला आणि चारही कडांना टॅक कोट दिला.

फौंड्रीतला इन्फ्रारेड थर्मामीटर मालकांना विचारून घरी आणला होता. डंपरवर ताडपत्री होती. तरी ढिगाचा वरचा थर १२१ अंश निघाला. फावड्यानं उकरून आत धरला तर १५२. बाईंनी वरचा थर बाजूला काढायला लावला आणि आतलं गरम तेवढंच वापरलं. कामगारांतला एक म्हातारा गडी मापं बघून म्हणाला, आम्ही नुसत्या धुराच्या रंगावरनं ओळखतो. त्याचाही अंदाज दीडशेचाच होता.

ऊसकरी | ७ डिसेंबर, संध्याकाळी ७.४०

आमच्या खेपा त्याच रस्त्यावरनं जातात. पॅच बघितला, चांगला झालाय. सीझन संपल्यावर माप टाका. आमच्याकडनं वजन जपतो, बाकीच्यांनाही सांगितलंय.

लाकडीसाचा | १९ एप्रिल, रात्री ९.३०

काल पहिला वळीव झाला, गारांसकट. पाऊस थांबल्यापासून २० मिनिटांत दारातला रस्ता मोकळा. भुसा सोडला होता, जाळीतनं खाली गेला, पुढच्या मोरीपाशी जाऊन मिळाला.

आज पॅचवर सरळपट्टी ठेवली. उसाचा अख्खा हंगाम त्यावरनं गेलाय. चाकाच्या रेघेत ३ मिमी बसलाय, त्याहून जास्त नाही. तुकडा कुठं सुटलेला नाही. बायको परत स्कूटर चालवते, पण तो भाग आला की गाडी अजून रस्त्याच्या मधोमध घेते.

एक गोष्ट मात्र दिसली. पॅचच्या फाटकाकडच्या सांध्यावर एक भेग आलीय, २२ सेंमी लांब. नख जेमतेम शिरेल एवढी.

जुना_ओव्हरसियर | २० एप्रिल, सकाळी ६.१५

फाटकाकडचा सांधा म्हणजे तिकडच्या कडेला टॅक कोट कमी बसला असेल. घाबरू नका, वेळेत दिसली. ऊन चांगलं असेल तेव्हा तारेच्या ब्रशनं भेग झाडून घ्या, हवा मारून धूळ काढा, मग गरम डांबर ओता आणि वरनं बारीक कच भुरभुरा. ओलसर असताना करू नका. अभियंता बाईंनाही कळवा, बाकीच्या पॅचांच्या सांध्यांकडं त्या बघतील.

लाकडीसाचा | २० एप्रिल, सकाळी ७.००

कळवतो काका. डांबराचं बाईंकडंच मागतो. मृगाच्या आत भरून घेतो आणि इथं माप टाकतो.